वकील मिळाला, बिलाचे काय?

जानेवारी १९६२ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात फ्लोरिडाच्या तुरुंगातून एक पाकीट आले. आत तुरुंगातल्या रेघी कागदावर पेन्सिलीने लिहिलेला अर्ज होता. अर्जदार होता क्लॅरेन्स अर्ल गिडियन. वय ५१, शिक्षण जेमतेम आणि आधीच्या शिक्षांची यादी बऱ्यापैकी लांब. पनामा सिटी या गावातला एक पूलरूम फोडून तिथल्या यंत्रांमधली चिल्लर आणि काही बाटल्या चोरल्याचा आरोप त्याच्यावर होता. ऑगस्ट १९६१ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा त्याने न्यायाधीशांकडे वकील मागितला होता. त्यावर न्यायाधीशांनी सांगितले की, फ्लोरिडाच्या कायद्यात सरकारी खर्चाने वकील फक्त फाशीच्या गुन्ह्यात देता येतो. गिडियनने आपला खटला स्वतःच चालवला आणि पाच वर्षांची शिक्षा घेऊन तो आत गेला.

पुढची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज दाखल करून घेतला, त्याच्या वतीने एब फोर्टास हा राजधानीतला नामांकित वकील नेमला आणि १८ मार्च १९६३ रोजी एकमताने निकाल दिला : गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात वकील करण्याची ऐपत नसेल, तर राज्याने आरोपीला वकील द्यायलाच हवा. फारशी सांगितली जात नाही ती गोष्ट पैशाची. हा निकाल मिळवून देणाऱ्या फोर्टासना एका पैशाचीही फी मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या वकिलाला प्रवासखर्च मिळत असे, मेहनताना मिळत नसे. गरिबाला वकील मिळण्याचा हक्क वकिलाच्या फुकट मेहनतीवर मिळाला. हे फुकटाचे कलम पुढे किती महागात पडले, याचीच ही कथा आहे.

धर्मादाय की चाकरी?

गरिबाची बाजू विनामूल्य मांडणे हे वकिलाचे कर्तव्य, ही समजूत अमेरिकेने इंग्लंडकडून घेतली. वकिली हा मानाचा पेशा. न्यायालयाने सांगितले की मानकऱ्याने उभे राहायचे, पैशाची भाषा करायची नाही. मात्र या समजुतीला पहिले तडेही लवकरच गेले. इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५४ मध्ये असा विचार मांडला की, इतर व्यावसायिकांकडून आपण फुकट काम मागत नाही, तर वकिलाकडूनच का मागावे? त्याची फी सार्वजनिक तिजोरीतून द्यायला हवी. पाच वर्षांनी विस्कॉन्सिनच्या न्यायालयानेही हाच मार्ग धरला आणि नेमलेल्या वकिलाचे पैसे काउंटीने भरावेत, असे ठरवले. पण हे अपवाद होते. बहुतेक ठिकाणी नेमणूक म्हणजे वेठ होती, आणि वेठीला जाणारा माणूस जसे काम करतो तसेच काम होत असे.

त्याचे सर्वांत भेसूर रूप १९३१ मध्ये अलाबामातल्या स्कॉट्सबोरो गावात दिसले. मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप ठेवला गेला. न्यायाधीश हॉकिन्स यांनी आरोपींसाठी गावातल्या सगळ्या वकिलांची एकत्रित नेमणूक केली. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही, याचा प्रत्यय खटल्याच्या सकाळी आला. अलाबामाच्या कायद्याची माहिती नसलेला, शेजारच्या राज्यातून आलेला एक वकील आणि गावातला सत्तरीच्या घरातला दुसरा, एवढेच आरोपींच्या बाजूला उभे राहिले. तयारीसाठी वेळ मिळालाच नाही. ६ एप्रिलला सुरू झालेले खटले चार दिवसांत आटोपले आणि नवांपैकी आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९३२ मध्ये या शिक्षा रद्द केल्या. फाशीच्या खटल्यात असहाय आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, आणि तो नावापुरता असून चालणार नाही, असे न्यायालयाने बजावले. १९३८ मध्ये संघीय न्यायालयांतल्या सगळ्या फौजदारी खटल्यांना हा हक्क लागू झाला. १९४२ मध्ये मात्र राज्यांच्या न्यायालयांपुरते न्यायालयाने हात आखडते घेतले, आणि म्हणूनच वीस वर्षांनी गिडियनला पेन्सिल हातात घ्यावी लागली.

१९३८ च्या निकालाने संघीय न्यायाधीशांना वकील नेमणे भाग पडले, पण त्या वकिलाला द्यायला छदामही मिळाला नाही. पुढची सव्वीस वर्षे संघीय न्यायालयांत नेमलेले वकील विनामोबदला काम करत राहिले. साक्षीदार शोधायला गेलेल्या वकिलाच्या गाडीभाड्याचाही खर्च कोणी देत नसे. ज्याचा जम बसलेला नाही असा नवशिका, किंवा ज्याला नेमणूक टाळता आली नाही असा वकील आरोपीच्या वाट्याला येई.

तासाला पंधरा डॉलर

न्यायमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी १९६१ मध्ये प्राध्यापक फ्रान्सिस ॲलन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. फौजदारी न्यायव्यवस्थेत गरिबीमुळे काय बिघडते, हे तिने तपासायचे होते. समितीचा अहवाल आणि गिडियनचा निकाल एकाच वर्षी, १९६३ मध्ये आले. सरकार ज्या आरोपीवर खटला भरते, त्याच्या बचावाची किमान सोय करणे हीही सरकारचीच जबाबदारी, हा या अहवालाचा गाभा होता. २० ऑगस्ट १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘क्रिमिनल जस्टिस ॲक्ट’वर सही केली. न्यायालयाच्या वऱ्हांड्यांत तो आजही ‘सीजेए’ या तीन अक्षरांनीच ओळखला जातो.

दर ठरला तो असा : न्यायालयात उभे राहण्याच्या तासाला जास्तीत जास्त १५ डॉलर, बाहेरच्या कामाच्या तासाला १० डॉलर. गंभीर गुन्ह्याच्या खटल्याला एकूण मर्यादा ५०० डॉलर, किरकोळ गुन्ह्याला ३००. हे बाजारभावाच्या जवळपासही नव्हते, आणि कायदा करणाऱ्यांनाही ते माहीत होते. पूर्ण मोबदला देणे हा हेतूच नव्हता. वकिलाला पदरमोड करावी लागू नये आणि थोडीफार भरपाई मिळावी, एवढाच तो होता. धर्मादायाची जुनी कल्पना कायद्यात अशी आतल्या दाराने शिरली.

या दोन दरांमधली गोम समजून घ्यायची तर पुन्हा पनामा सिटीला जावे लागते. ५ ऑगस्ट १९६३ रोजी गिडियनचा खटला नव्याने उभा राहिला. या वेळी फ्रेड टर्नर हा स्थानिक वकील त्याच्या बाजूला होता. टर्नरने खटल्याआधीचे तीन दिवस गावात हिंडून साक्षीदारांना गाठण्यात घालवले. सरकारी साक्षीदारांमध्ये एक टॅक्सीवाला होता. त्या पहाटे गिडियन आपल्या गाडीत बसला आणि ‘मला इथून नेल्याचे कोणाला सांगू नकोस’ असे म्हणाला, अशी त्याची साक्ष होती. ऐकणाऱ्याला ती गुन्ह्याची कबुलीच वाटावी. टर्नरने उलटतपासात एवढेच विचारले की, गिडियन हे याआधीही म्हणाला होता का? टॅक्सीवाला म्हणाला, हो, बायकोशी भांडण झाले की तो नेहमीच तसे म्हणायचा. मुख्य साक्षीदाराचीही टर्नरने अशीच उलटतपासणी केली आणि त्याच्यावरचा भरवसा उडवला. ज्यूरीने सुमारे तासाभरात गिडियनला निर्दोष ठरवले.

हा खटला न्यायालयाबाहेरच्या तासांनी जिंकला. आणि पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने नेमके तेच तास एक तृतीयांशाने स्वस्त ठरवले. आत-बाहेर हा भेद संघीय न्यायालयांतून पुसला जायला २००२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी दोन्हींसाठी ९० डॉलरचा एकच दर झाला.

एका बिलाचा प्रवास

कायद्यासोबत एक कागदही आला. अमेरिकेतल्या नेमलेल्या वकिलाचे अर्धे आयुष्य त्याभोवती फिरते. त्याचे नाव ‘व्हाउचर’, आणि नेहमीच्या खटल्यासाठीचा नमुना ‘सीजेए २०’ म्हणून ओळखला जातो. हा फॉर्म एकाच वेळी नेमणुकीचा हुकूम असतो आणि बिलही. वकिलाने आपला वेळ तासाच्या दहाव्या भागात, म्हणजे सहा-सहा मिनिटांच्या हिशेबाने मांडायचा असतो. जामिनाची सुनावणी अमुक, तुरुंगात आरोपीची भेट तमुक, कागदपत्रे वाचणे इतके, कायद्याचा शोध तितका, अशा रकाने पाडलेल्या नोंदी असतात. सोबत प्रवासाचा आणि झेरॉक्सचा खर्च. खाजगी तपासनीस किंवा तज्ज्ञ लावायचा असेल तर त्याचा फॉर्म वेगळा, आणि ठरावीक रकमेपुढे परवानगी आधीच घ्यायची. आरोपीकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून परस्पर पैसे घ्यायला मनाई आहे. खटला निकाली निघाल्यापासून ४५ दिवसांत व्हाउचर दाखल करायचे. पूर्वी हे सगळे कागदावर चाले. आता ‘ई-व्हाउचर’ या संगणक प्रणालीवर चालते.

व्हाउचर मंजूर कोण करतो? ज्या न्यायाधीशासमोर वकिलाने तो खटला लढवला, तोच. रक्कम कमाल मर्यादेच्या वर गेली तर खटला खरोखर लांबलेला किंवा गुंतागुंतीचा होता, असे त्या न्यायाधीशाने प्रमाणित करावे लागते. मग फाइल वरच्या अपील न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाकडे किंवा त्याने नेमलेल्या न्यायाधीशाकडे जाते. समोरच्या सरकारी वकिलाने किती तास घालवले, किती तपासनीस लावले, हे मात्र कोणताही न्यायाधीश तपासत नाही. सरकारी वकील पगारदार असतो. न्यायासनासमोर दोन वकील उभे राहतात आणि त्यातल्या एकाचा चरितार्थ त्याच न्यायासनाच्या सहीवर असतो, ही विसंगती १९६४ मध्ये कायद्यात रुजली आणि आजही तिथेच आहे.

कायदा येण्यापूर्वी केलेल्या कामाचे पैसेही मागून पाहिले गेले. ओरेगॉनमधल्या एका वकिलाने सरकारवर दावा लावला की, माझी मेहनत ही माझी मालमत्ता आहे आणि भरपाई दिल्याशिवाय सरकारला ती घेता येणार नाही. खालच्या न्यायालयाने ते मान्य केले. अपील न्यायालयाने १९६५ मध्ये फेटाळले. सनद घेताना हे कर्तव्य तुम्ही पत्करलेले आहे, असे त्याला सांगण्यात आले. म्हणजे मोबदला हा वकिलाचा हक्क ठरला नाही, काँग्रेसची मर्जी ठरली.

गिडियनचा सूर मुंबईपर्यंत

गिडियनच्या निकालाचा आवाज आपल्याकडे पोहोचला तो महाराष्ट्रातल्या एका खटल्यातून. माधव हयवदनराव होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सौराष्ट्र विद्यापीठातल्या एका अध्यापकावर बनावट पदवी-प्रमाणपत्रे तयार करण्याच्या प्रयत्नाचा आरोप होता. सत्र न्यायालयाने दिलेली नाममात्र शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये वाढवून तीन वर्षांची केली. निकालाची प्रत आपल्याला तुरुंगात वेळेवर मिळालीच नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयात यायला चार वर्षे लागली, असे त्याचे म्हणणे होते. त्याची याचिका फेटाळली गेली. पण १७ ऑगस्ट १९७८ च्या त्या निकालात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी गिडियनचा नावानिशी उल्लेख करून, कैद्याला अपिलासाठी वकील देण्याचे तत्त्व मांडले. आणि तिथेच न थांबता पैशाचेही कलम जोडले : ज्या राज्याने खटला भरून माणसाला गजाआड केले, त्याच राज्याने नेमलेल्या वकिलाला न्यायालय ठरवील ती वाजवी रक्कम द्यायची.

वर्षभराच्या आत बिहारमधल्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणाने हा विचार देशभर नेला. १९८१ मध्ये भागलपूरच्या डोळे फोडलेल्या कैद्यांच्या प्रकरणात, पैसे नाहीत ही राज्याची सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला आणि पॅनेलवरच्या वकिलांची नेमणूक आणि फी हे प्राधिकरणाचे काम झाले. अमेरिकेपेक्षा आपण एका बाबतीत शहाणे ठरलो : बिल पाहायला खटल्याच्या न्यायासनाबाहेर एक वेगळी संस्था उभी केली.

राजधानीतला संप

इकडे अमेरिकेत दर महागाईच्या मागे रखडत राहिले. १९७० मध्ये ते ३० आणि २० डॉलर झाले. पगारी बचाव वकिलांची कार्यालये उघडायची परवानगीही तेव्हाच मिळाली. राजधानी वॉशिंग्टनच्या स्थानिक न्यायालयात हेच दर १९८३ पर्यंत होते. तिथे यादीवर सुमारे १,२०० वकील असले तरी बहुतेक काम शंभरेक जणांच्या अंगावर पडे. न्यायालयात रोज सकाळी नेमणुकीची वाट पाहणारे हे वकील ‘सीजेए रेग्युलर्स’ म्हणून ओळखले जात. दुसरी वकिली त्यांना जवळपास नव्हतीच. व्हाउचर हाच त्यांचा पगार.

दरवाढीची मागणी सगळ्यांनी योग्य म्हटली आणि कोणीच पुढे नेली नाही. गरीब आरोपींच्या वकिलांना जास्त पैसे द्या, असे म्हणून निवडणूक कोण जिंकणार? अखेर ६ सप्टेंबर १९८३ रोजी बहुतेक रेग्युलर्सनी नवे खटले घ्यायचे बंद केले. दहा दिवसांत न्यायालयाची यंत्रणा डबघाईला आली. पगारी बचाव वकिलांवर खटल्यांचा डोंगर साचला. महापौर मॅरियन बॅरी यांनी मध्यस्थी केली आणि नगर परिषदेने महिना संपायच्या आत ३५ डॉलरचा सरसकट दर मंजूर केला.

वकील जिंकले, असे वाटले. पण बाजारपेठेतल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या संघीय व्यापार आयोगाने त्यांच्यावर कारवाई सुरू केली. एकत्र येऊन भाव वाढेपर्यंत माल द्यायचा नाही, हा व्यापाऱ्यांचा कट जसा बेकायदा, तसाच हाही, असा आरोप होता. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. वकिलांचा हेतू कितीही चांगला असो, दरवाढीचा फायदा त्यांनाच होणार होता. म्हणून हा बहिष्कार मतस्वातंत्र्याच्या छत्राखाली येत नाही, असा निकाल लागला. मोबदला मागितला की ते मानकरी, आणि काम थांबवले की ते व्यापारी! वकिलांची कोंडी १९६५ आणि १९९० च्या या दोन निकालांमध्ये नेमकी दिसते.

पैसा संपतो तेव्हा

संघीय न्यायालयांतले दर १९८४ मध्ये ६० आणि ४० डॉलर झाले. दोनच वर्षांनी कायद्याने ७५ डॉलरपर्यंत जायची मुभा दिली, पण तेवढी तरतूद काँग्रेसने केली नाही, आणि बहुतेक जिल्ह्यांत पुढची सुमारे पंधरा वर्षे जुनेच दर चालले. २०१० पर्यंत दर १२५ डॉलरवर गेला. २०१३ मध्ये अर्थसंकल्पात सरसकट कपात आली तेव्हा तो ११० वर उतरवला गेला आणि बिले लांबणीवर टाकली गेली. पुढच्या वर्षी तो १२६ झाला.

२०१५ मध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी न्यायाधीश कॅथलीन कार्डोन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे वकिलांनी मन मोकळे केले. व्हाउचर छाटले जातात आणि कारणही सांगितले जात नाही. पुन्हा नेमणूक मिळणार नाही, या भीतीने वकील तज्ज्ञ मागायलाही कचरतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात समितीने सांगितले की, बचावाचा कारभार न्यायसंस्थेच्या हातून काढून स्वतंत्र आयोगाकडे द्यावा. तो आयोग अजून झालेला नाही.

मग २०२५ उजाडले. दर तासाला १७५ डॉलर होता, पण तिजोरीत पैसे नव्हते. सरकारी वर्ष संपायला तीन महिने बाकी असताना ३ जुलै रोजी या वकिलांसाठीचा निधी संपला. देशभरातल्या सुमारे १२,००० पॅनेल वकिलांची, त्यांनी लावलेल्या तपासनीसांची आणि दुभाष्यांची बिले थांबली. संघीय न्यायालयांतल्या दर दहा आरोपींपैकी जवळपास नऊ जणांना सरकारी खर्चाने वकील लागतो, आणि त्यातले सुमारे ४० टक्के खटले याच खाजगी वकिलांकडे जातात. १ ऑक्टोबरला नवे वर्ष लागेल, पैसे येतील, अशी आशा होती. त्याच दिवशी सरकारचे कामकाज ठप्प झाले आणि ४३ दिवस ठप्पच राहिले.

त्याच उन्हाळ्यात मॅसेच्युसेट्स राज्यात तासाला ६५ डॉलर मिळवणाऱ्या वकिलांनी नव्या नेमणुका नाकारल्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच एक नियम घालून दिला आहे : सात दिवसांत वकील मिळाला नाही तर आरोपीला कोठडीतून सोडायचे, आणि ४५ दिवसांत मिळाला नाही तर खटला रद्द करायचा. जुलैमध्ये बोस्टनच्या न्यायालयात शंभराहून अधिक खटले असे रद्द झाले. ऑगस्टमध्ये राज्याने २० डॉलरची वाढ मंजूर केली. निम्मी लगेच, निम्मी पुढच्या वर्षी.

गिडियनच्या खटल्यातला निकाल आजही कायम आहे. तो कोणी उलटवलेला नाही. पण मॅसेच्युसेट्समध्ये ज्यांना तक्रारीची दाद हवी होती, त्यांचे खटले वकिलाच्या बिलापायी बुडाले. संघीय न्यायालयांत जे आरोपी वकिलाची वाट पाहत बसले, त्यांचा हक्क एका न भरलेल्या व्हाउचरवर अडकला. खटला भरण्याचा खर्च राज्य कधी टाळत नाही. बचावाचा खर्च मात्र त्याला दरवेळी दानासारखा वाटतो. हे दान नव्हे, खटला भरण्याच्या खर्चातलाच अर्धा वाटा आहे, एवढे अमेरिकेच्या सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या हिशेबावरून स्पष्ट होते. आपल्या जिल्हा न्यायालयात पॅनेलवरच्या वकिलाचे बिल किती दिवसांत निघते, याची चौकशी वाचकाने एकदा करून पाहावी. आपल्याकडच्या हक्काची खरी प्रकृती त्या उत्तरात कळेल.